रात्रीचा श्वास काय सांगतो?

दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा माणसे शेजारी शेजारी झोपतात. आजोबा घोरू लागले की नातवंडे हसतात आणि आजी म्हणते, "दिवसभर राबलेला जीव, घोरणारच." पण मध्येच घोरणे थांबते. दहा-पंधरा सेकंद श्वासच ऐकू येत नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. हे आपण रोज ऐकतो, पण दवाखान्यात गेल्यावर सांगत मात्र नाही. ते सांगायला हवे.

झोपेत आपला श्वास चालवतो तो मेंदू. त्यासाठीची केंद्रे मेंदूच्या देठात, म्हणजे मानेच्या वर, मेंदूच्या तळाशी असतात. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, पुष्कळ रोग्यांमध्ये बिघाडाची सुरुवात याच भागात होते. हात थरथरू लागतो तोवर मेंदूतल्या कितीतरी पेशी मेलेल्या असतात. म्हणून हात कापण्याआधीची खूण सापडते का, हा शोध महत्त्वाचा आहे.

लंडनच्या गरीब वस्तीतले डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला. श्वासाशी असलेला त्याचा संबंध तेव्हाच त्यांच्या ध्यानात आला होता. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन आहे. महात्मा फुले जयंतीही त्याच दिवशी, त्यामुळे आपल्याला तो सहज लक्षात राहील.

२०२२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील दीना कताबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,६७१ माणसांच्या झोपेतील श्वासाच्या नोंदी संगणकाला शिकवल्या. केवळ श्वासावरून कंपवात ओळखण्यात संगणकाला बऱ्याच अंशी यश आले. काही जणांच्या बाबतीत तर निदान होण्याच्या आधीच्या नोंदींतही ही खूण सापडली. श्वास मोजण्यासाठी छातीला पट्टा बांधता येतो, किंवा खोलीत लावलेली छोटी पेटी अंगाला न लागता रेडिओ लहरींनी श्वास टिपते. मात्र हे काम संशोधनाचे आहे. नुसत्या कानाने ऐकून असे निदान होत नाही.

तेव्हा घोरणे म्हणजे कंपवात, असा अर्थ कोणीही काढू नये. घोरता घोरता श्वास थांबतो तो बहुधा झोपेत घसा मिटल्यामुळे. डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. पण म्हणून तोही अंगावर काढायचा नाही. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. २०११ साली अमेरिकेत २९८ वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा श्वास झोपेत अडत होता, त्यांना पुढील काही वर्षांत विस्मरण आणि बुद्धिभ्रंशाचा धोका अधिक आढळला. यावर उपाय आहेत. वजन उतरवणे, दारू सोडणे, कुशीवर झोपणे यांनी फरक पडतो. गरज पडल्यास हवा देणारे यंत्र लावतात.

आणखी एक गोष्ट. काही माणसे झोपेत ओरडतात, लाथा झाडतात, शेजारच्याला मारतात. आपल्याकडे लगेच 'बाहेरची बाधा' म्हणून भगताकडे नेतात. अंगारे-धुपारे होतात, कोंबडे कापले जाते, पैसा आणि वेळ दोन्ही जातात. वास्तविक स्वप्न पडत असताना हातपाय सैल पडायला हवेत. ते तसे पडत नसतील तर ती मेंदूतल्या बिघाडाची खूण असू शकते, आणि पुढे काही वर्षांनी कंपवात होण्याची शक्यता असते. अशा माणसाला भगत नको, मेंदूविकाराचे डॉक्टर हवेत.

बंधू-भगिनींनो, झोपलेल्याला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही. तो शेजारच्याला ऐकू येतो. श्रीमंताच्या बंगल्यात आजोबांची खोली वेगळी असते. आपल्या एका खोलीच्या घरात मात्र सगळ्यांचे कान जागे असतात. त्याचा उपयोग करा. आठवडाभर वहीत लिहा: श्वास किती वेळा थांबला, दिवसा डुलक्या येतात का, झोपेत ओरडणे आहे का, वास येणे कमी झाले आहे का, अक्षर बारीक होत चालले आहे का. ती वही घेऊन सरकारी रुग्णालयात आजोबांबरोबर जा. "तसा काही त्रास नाही" असे आजोबा म्हणतील. तेव्हा तुम्ही बोला.