जखमेतल्या अळ्या आणि फिनाइलची बाटली

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात पावसाळ्यात कुत्र्याच्या साध्या जखमेतही अळ्या पडतात. क्रायसोमिया बेझियाना ही माशी जखमेच्या कडेला १५०-२०० अंडी घालते. ती दिवसभरात फुटतात. या अळ्या सडकं नव्हे, जिवंत मांस खात आत घुसतात. वर दिसतात ती श्वास घेणारी मागची टोकं!

फिनाइल किंवा पेट्रोल ओतणं अघोरीच. कुत्रं ते चाटतं. सीताफळाचा पाला गावोगावचा जुना उपाय, पण त्याचा रस डोळ्यात जाता कामा नये. तोंड सैल बांधा, केस कापा, लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून जखम धुवा, दिसतील त्या अळ्या चिमट्याने काढा. अळ्या मारण्यासाठीचं आयव्हरमेक्टिन हे औषध मनाने देऊ नका. कोलीसारख्या जातींना ते जिवावर बेतू शकतं. जखम खोल असेल तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.