गणवेशाची वाट – लेखांक ४ : सहा फेऱ्या आणि एक रक्ततपासणी

एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या पदवीधरांना लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे सैन्याधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीला, कसं जाता येतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज शरीराच्या तयारीविषयी.

आपल्या सिरोंच्यात पहाटे धावणारी बहुतेक मुलं-मुली पोलीस भरतीची तयारी करत असतात. त्या भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत आणि सेकंदासेकंदावर गुण ठरतात. एसएसबीच्या पाच दिवसांत धावण्याची अशी शर्यत नसते. तीन मिनिटांत दहा अडथळ्यांपैकी जमतील तेवढे पार करायचे असतात. त्यामुळे इथे शरीराला फारसं महत्त्व नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. खरा कस अकादमीत लागतो, म्हणूनच ‘एवढं करून या’ असं सैन्य जाहिरातीतच सांगतं.

एनसीसी प्रवेशाच्या अलीकडच्या जाहिरातींत मुलांसाठी २.४ किलोमीटर धाव १० मिनिटं ३० सेकंदांत, ४० जोर, ३० सिट-अप्स आणि ६ पुल-अप्स सांगितले आहेत. मुलींसाठी १३ मिनिटं, १५ जोर, २५ सिट-अप्स आणि २ पुल-अप्स. पोहण्याची तोंडओळखही हवी.

४०० मीटरच्या मैदानावर २.४ किलोमीटर म्हणजे सहा फेऱ्या. मुलांना एक फेरी १ मिनिट ४५ सेकंदांत, मुलींना २ मिनिटं १० सेकंदांत. पहिली फेरी जोरात मारली की चौथीला पाय जड होतात. म्हणून सहाही फेऱ्या सारख्या वेळात पडल्या पाहिजेत. प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहा.

शेतात, रानात राबलेल्या मुलांना दम कमी पडत नाही. अडतं ते पुल-अप्सला. एकही जमत नसेल तर आधी दांड्याला नुसतं लटकायला शिका. मग स्टुलावर उभं राहून हनुवटी दांड्याच्या वर न्या, पाय सोडा आणि मनात पाच मोजत सावकाश खाली या. अशा उतरण्यातूनच वर चढण्याची ताकद येते.

आता आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गडचिरोली-चंद्रपुरात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. सिकलसेलच्या वाहकाला एरवी सहसा त्रास नसतो, पण उन्हात, पाणी न पिता, ताकदीबाहेर धावल्यास त्याच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकी सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांमध्ये अशी इजा अधिक दिसली, मृत्यूचं प्रमाण मात्र वाढलेलं नव्हतं. त्या सैन्यात उष्णता, पाणी आणि विश्रांती यांचे नियम सगळ्यांसाठीच सक्तीचे होते. म्हणून वाहक असल्याचं कळलं तर घाबरून सराव सोडू नका. डॉक्टरांशी बोला, वेग हळूहळू वाढवा, तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या. पाय किंवा कंबर अचानक जखडली तर तिथेच थांबा. ‘अजून एक फेरी’ म्हणू नका.

मार्चपासून इथे ऊन फार लवकर तापतं. सूर्य वर येण्याआधी सराव आटोपलेला बरा.

मुलांना मैदानावर उतरवणाऱ्या शिक्षकांना एक कळकळीची विनंती : शिट्टी वाजवण्याआधी प्रत्येकाची सिकलसेल आणि हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यातून करून घ्या.