बिनकाठाची टोपी: बंदरातून शहरात

मोबाइलवर किंवा एखाद्या सिनेमात शहरातल्या पोरापोरींच्या डोक्यावर तुम्ही एक आखूड टोपी पाहिली असेल. डोक्याला चापून बसलेली, कानांच्या वरच थांबणारी, खालची कड बाहेरून दुमडलेली. पुढे चोच नाही, भोवती काठ नाही. बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी कानटोपी अर्धी विणून सोडून दिली. परदेशातल्या मोठ्या शहरांत ही टोपी मुलं-मुली रोज घालतात आणि दुकानात तिला चांगली किंमत पडते. पण ती जन्मली समुद्रावर, खलाशांच्या आणि मासेमारांच्या डोक्यावर. तिथून ती शहरात कशी आली, येताना तिच्यात काय बदललं आणि त्यातला पैसा कुणाच्या हाती गेला, हे आज आपण बघू. शिवण-विणकाम करणाऱ्या गटांना यातून घेण्यासारखं बरंच आहे.

काठ का नाही?

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेला एक प्रदेश आहे, ब्रिटनी. ब्रिटन देश वेगळा, ही ब्रिटनी वेगळी. तिन्ही बाजूंनी समुद्र, त्यामुळे मासेमारी आणि जहाजावरची नोकरी हाच पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. तिथल्या खलाशांच्या या टोपीला म्हणतात मिकी. जाड सुती किंवा लोकरी कापडाची, गोल माथ्याची, दुमडलेल्या कडेची. मागे एक छोटा पट्टा असतो, तो ओढून टोपी डोक्याच्या मापाला घट्ट करायची.

काठ नसण्याचं कारण समुद्राचा वारा. काठाच्या टोपीत वारा भरला की टोपी गेली पाण्यात. दोन्ही हात दोरात आणि जाळ्यात गुंतलेले असताना टोपी धरणार कोण? शिवाय दोरांखालून वाकून जाताना काठ अडकतो, आणि पावसाचं टोपरं वरून ओढायचं तर काठ मध्ये येतो. बिनकाठाची टोपी यातली कुठलीच अडचण करत नाही. नको असेल तेव्हा घडी घालून खिशात जाते. म्हणजे हा आकार कुणी शोभेसाठी काढलेला नाही. कामानंच तो घडवला.

याच टोपीची एक विणलेली बहीण आहे. इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर मॉनमथ नावाचं गाव आहे. तिथल्या लोकरीच्या टोप्या सोळाव्या शतकात खलाशी आणि सैनिक वापरायचे. आधी सैल विणायची, मग ओली करून चोळून-मळून आटवायची. आटली की लोकरीचे धागे एकमेकांत गुंततात, टोपी घट्ट होते आणि पाणी सहज आत शिरत नाही. विणकरांचा धंदा टिकावा म्हणून इंग्लंडच्या सरकारनं 1571 साली कायदाच केला: सहा वर्षांवरच्या माणसांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी देशात विणलेली लोकरीची टोपी घालावी, नाहीतर दंड भरावा. उमराव आणि मोठ्या घरच्या बायका यांना अर्थात सूट होती. लोकांना हा कायदा काही रुचला नाही आणि 1597 साली तो रद्द झाला. सक्तीनं गिऱ्हाईक टिकत नाही, हे तेव्हाच कळलं म्हणायचं.

पुढे जहाजावर रात्रीचा पहारा देणारे खलाशी अशाच विणलेल्या टोप्या घालू लागले. इंग्रजीत तिला पहाऱ्याची टोपी असंच नाव पडलं. गोदीतले हमालही तीच घालत.

शहराला ती कशी आवडली?

खलाशाचा कपडा शहरात जाण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. फ्रान्सच्या आरमारानं 1858 साली खलाशांसाठी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा बनियन ठरवून दिला. कोको शनेल या फ्रेंच शिवणकार बाईंनी पहिल्या महायुद्धाच्या काळात तसे पट्टे बायकांच्या कपड्यांत आणले. आज तो बनियन जगभर कुणीही घालतं आणि त्यात कुणाला खलाशी आठवतही नाही.

टोपीचंही तसंच झालं. झाक कुस्तो हे फ्रेंच संशोधक समुद्राखालचं जग सिनेमात आणि टीव्हीवर दाखवायचे. त्यांच्या डोक्यावर कायम लाल विणलेली टोपी असायची. 1975 सालच्या एका गाजलेल्या अमेरिकन सिनेमात नायक जॅक निकल्सन काळी विणलेली टोपी घालून वावरला. अशी ती टोपी घराघरांत पोचली. नंतर गेल्या दहा-बारा वर्षांत पॅरिसमधल्या छोट्या कारागिरांनी कापडी मिकीही पुन्हा शिवायला घेतली.

त्यांनी बदललं काय? आकार तसाच ठेवला. निळ्या-काळ्या रंगांच्या जोडीला पिवळा, लाल, हिरवा आणला. जाड सुतीच्या जोडीला लिनन, जीन्सचं कापड, कॉर्डरॉय घेतलं. आतून अस्तर लावलं, टाके नीट झाकले. मागचा पट्टा तसाच ठेवला, कारण त्यामुळे एकच माप पुष्कळ डोक्यांना बसतं आणि दुकानदाराला दहा मापांचा साठा करावा लागत नाही. बाई घालो की बाप्या, शिवण तीच. आणि टोपीबरोबर गोष्ट सांगितली: ही ब्रिटनीच्या खलाशांची टोपी आहे.

शहरातल्या माणसाला ती सोयीचीही पडली. गर्दीच्या गाडीत शेजाऱ्याला काठ लागत नाही. कानात गाणी ऐकायची यंत्रं घालता येतात. काढली की पिशवीत. समुद्रावर जे गुण कामाला आले, तेच गुण रस्त्यावर कामाला आले.

त्याच किनाऱ्यावरच्या बायका

आता पैशाकडे वळू. त्यासाठी ब्रिटनीच्या बायकांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण हातानं काम करणाऱ्या बाईला किती मिळतं, हा प्रश्न त्या किनाऱ्यावर फार जुना आहे.

तिथे सार्डिन मासा मुबलक मिळायचा. कोकणातल्या मैत्रिणींनो, आपल्या तारलीची ही परदेशी बहीण. 1902 च्या सुमाराला हा मासा अचानक दिसेनासा झाला आणि घरंच्या घरं उपाशी पडली. तेव्हा गावोगावी बायकांना सुईनं आयर्लंडच्या पद्धतीची क्रोशाची लेस विणायला शिकवलं गेलं. ती लेस शहरातल्या फॅशनसाठी विकली जाई आणि त्या पैशावर कित्येक कोळ्यांच्या घरी चूल पेटली. पण ही विक्री बायकांच्या हातात नव्हती. पुढे फॅशन बदलली तसं कामही आटलं.

दुसरी गोष्ट द्वार्नने या बंदराची. तिथल्या कारखान्यांत बायका मासे साफ करून डब्यात भरायच्या. होड्या कधीही येवोत, दिवसा की मध्यरात्री, मासा आला की कामावर हजर. त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोपऱ्यावरून लोक त्यांना ‘सार्डिनचं डोकं’ म्हणायचे. 1924 साली त्यांना तासाला 80 सेंटिम मिळत होते. शंभर सेंटिमचा एक फ्रँक. त्यांनी सव्वा फ्रँक मागितला आणि संप केला. दीड महिन्यानंतर, 1925 च्या जानेवारीत, तासाला एक फ्रँक पदरात पडला. त्याच वर्षी या संपातल्या झोझेफिन पांकाले नगरपालिकेवर निवडून आल्या. तेव्हा फ्रान्समध्ये बायकांना मतदानाचाही हक्क नव्हता, म्हणून त्यांची निवड रद्द केली गेली. तो हक्क मिळायला 1944 साल उजाडलं.

या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. लेस विणणाऱ्या घराघरांत विखुरलेल्या होत्या, भाव दुसरे ठरवत होते. डबे भरणाऱ्या एकत्र आल्या आणि भाव वाढवून घेतला.

आपल्या हिशेबात हे कुठे बसतं?

मिकीचा आकार कुणा एकाच्या मालकीचा नाही. खलाशांच्या कैक पिढ्यांनी तो घडवला, म्हणून आज कुणीही तशी टोपी शिवू शकतं. पण ज्यानं दुकानाचं नाव नोंदवलं आणि गोष्ट सांगितली, किंमत त्याला मिळते. खलाशाच्या वारसांना त्यातलं काही मिळत नाही.

आपल्याकडे हा अनुभव ताजा आहे. कोल्हापुरी चप्पल ही शेतात, मातीत वापरायची चप्पल. 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीच्या कार्यक्रमात तशाच चपला दिसल्या, पण कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. इथल्या कारागिरांनी आणि व्यापाऱ्यांनी आवाज उठवला, तेव्हा कंपनीनं या चपला भारतीय हस्तकलेवरून सुचल्याचं मान्य केलं. आवाज उठवायला आधार कशाचा होता? कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांसाठी. कागद हातात होता, म्हणून बोलणं ऐकलं गेलं.

मग आपण मिकी शिवायला घ्यावी का? शहरातल्या गिऱ्हाइकासाठी जरूर शिवून बघा. एका टोपीला अर्ध्या मीटरहून कमी कापड लागतं, शिवणकामातले उरलेले तुकडेही चालतात. पण आपल्या शेतातल्या उन्हाला ती कामाची नाही. काठ नाही, म्हणजे डोळ्यांवर आणि मानेवर सावली नाही. निंदणी-खुरपणीला आपला पदर किंवा टॉवेलच बरा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मिकीकडे बघून आपल्या घरात शोधायचं. लावणीच्या पावसात पाठीवर घ्यायचं इरलं, धनगराच्या घोंगडीची खोळ, तान्ह्या बाळाची कुंची, जुन्या लुगड्यांची गोधडी. हे सगळं कामानं आणि गरजेनं घडवलेलं आहे. गोधडी तर शहरात पोचलीसुद्धा. यातली कुठली वस्तू हलकी आहे, कुठली एकाच मापात पुष्कळांना चालेल, कुठल्या वस्तूचा आकार तसाच ठेवून फक्त कापड, रंग आणि शिवणीची सफाई बदलता येईल, हे गटात बसून ठरवता येईल.

वस्तू ठरली की किंमत अशी काढा. वहीत एका ओळीत कापड, दोरा, बक्कल. दुसऱ्या ओळीत एका नगाला लागलेले तास, आणि त्या तासांची मजुरी. शेतावर गेलो असतो तर जी मिळाली असती, त्याहून कमी धरू नका. तिसऱ्या ओळीत वीज, मशीनची दुरुस्ती, एसटीचं भाडं. चौथ्या ओळीत न विकल्या गेलेल्या मालाचा तोटा. या सगळ्याच्या वर गटाचा नफा. आपण बहुतेक वेळा पहिल्या ओळीपाशीच थांबतो आणि आपले तास फुकट देऊन टाकतो. व्यापारी नगावर भाव सांगायला आला, तर ही वही समोर ठेवून बोला, आणि एकेकीनं वेगळा भाव न सांगता सगळ्यांनी एकच सांगा.

शेवटचं काम नावाचं. वस्तूवर गटाचं आणि गावाचं नाव असलेली छोटी चिठ्ठी शिवा. ही वस्तू कोण वापरायचं, कशासाठी वापरायचं, हे त्यावर दोन ओळींत लिहा. धंदा थोडा वाढला की गटाचं नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घ्या. मिकीची गोष्ट पॅरिसच्या दुकानदारानं सांगितली. आपल्या गोधडीची आणि कुंचीची गोष्ट आपणच सांगायची आहे.

पुढच्या बैठकीत एक करा. प्रत्येकीनं घरातली एक जुनी, कामाची वस्तू घेऊन या. ती कुणी शिवली, का शिवली, तिचा आकार असाच का, हे विचारा. आजीबाईंना आवर्जून बोलवा, कारण निम्मी उत्तरं त्यांच्याकडेच आहेत. तुमच्या बैठकीत काय निघालं, ते आम्हाला जरूर कळवा.