चारशेंपैकी पाच

मे-जून २०२० मध्ये सांगली जिल्ह्यात ४०० प्रौढांचे रक्त तपासले गेले आणि त्यांतल्या ५ जणांत कोरोनाविरोधी प्रतिपिंडे सापडली. प्रमाण १.२५ टक्के. उंब्रजला सर्वांत जवळचा असा हाच आकडा होता. तारळी आणि कृष्णेच्या संगमाजवळचे, पुणे-बंगळूर महामार्गावरचे हे गाव कराड तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात येते आणि हे रक्त ज्या राष्ट्रीय पाहणीत तपासले गेले, तिच्यात सातारा नव्हता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआरने) त्या पाहणीसाठी देशभरातून ७० जिल्हे निवडले होते. महाराष्ट्रातले सहा होते: बीड, परभणी, नांदेड, अहमदनगर, जळगाव आणि सांगली. या सहांत मिळून २,३८५ नमुने तपासले, त्यांत २७ पॉझिटिव्ह निघाले.

पाच हा आकडा पाहून त्या वेळी अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण हा आकडा नीट वाचायचा तर थोडे गणित करावे लागते.

पाचाचे चोवीस हजार

२०११ च्या जनगणनेनुसार सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार. त्यांतले प्रौढ ढोबळमानाने १९ लाख धरले, तर १.२५ टक्के म्हणजे जवळपास २४ हजार माणसे. त्या सुमारास जिल्ह्याच्या अधिकृत यादीतले रुग्ण शंभराच्या आगेमागे होते.

आता यातली खोट. चारशेंत पाच हे प्रमाण फार थोड्या माणसांवर उभे आहे. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबाने खरे प्रमाण ०.४ ते २.९ टक्के यांच्यात कुठेही असू शकते, म्हणजे साडेसात हजार ते पंचावन्न हजार माणसे. शिवाय पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्हीने) तयार केलेल्या ‘कोविड कवच’ चाचणीची विशिष्टता, म्हणजे लागण न झालेल्याला निगेटिव्ह ठरवण्याची अचूकता, ९७.९ टक्के होती. लागण न झालेल्या चारशे जणांवर ती केली, तरी आठ-नऊ जण चुकून पॉझिटिव्ह दिसू शकतात. लागणच एक टक्क्याच्या घरात असताना ही चूक सगळा आकडा गिळून टाकते. म्हणून पहिल्या किटवर पॉझिटिव्ह आलेले नमुने ‘युरोइम्यून’ या दुसऱ्या किटवर पुन्हा तपासले गेले. दोन्हींत उतरले तेच धरले.

इतकी काटछाट करूनही निष्कर्ष हलत नाही. अगदी खालचा आकडा घेतला, तरी यादीबाहेरचे बाधित यादीतल्यांच्या कित्येक पट होते. देशपातळीवर आयसीएमआरचा अंदाज असा होता की, नोंदलेल्या एका रुग्णामागे ८२ ते १३० जणांना लागण होऊन गेली असावी.

यादी काय मोजते?

रोजचा रुग्णांचा आकडा दोन गोष्टींनी ठरतो: लागण किती आणि चाचण्या किती. सांगली जिल्ह्यातल्याच इस्लामपुरात २३ मार्च २०२० रोजी परदेशातून आलेल्या एका कुटुंबातले चौघे पॉझिटिव्ह आले. संपर्कातले एकेक माणूस शोधले, तेव्हा महिनाअखेर ही संख्या पंचविसाच्या घरात गेली. तिथे साखळीचे टोक हाती होते म्हणून ती संपेपर्यंत मोजता आली. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून चाकरमानी गावोगावी परतू लागले, तेव्हा कुठली साखळी कुठून सुरू झाली हे सांगणे कोणाच्याच आवाक्यात राहिले नाही.

१५ सप्टेंबर २०२० पासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम चालली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असे पथक दिवसाला सुमारे पन्नास घरे करायचे. दारात उभे राहून कपाळाला थर्मल गन, बोटाला ऑक्सिमीटर. मग मधुमेह-रक्तदाब आहे का, घरात कोणाला खोकला-ताप आहे का, हे विचारून वहीत नोंद. गंभीर होऊ शकणारा रुग्ण वेळेत गाठायला ही पद्धत उपयोगी पडली. पण लक्षणेच नसलेला बाधित या चाळणीतून सुटतो आणि तसे बाधित थोडेथोडके नव्हते. गावातली खरी लागण मोजायची, तर लक्षणे असोत-नसोत, नमुना पद्धतीने माणसे निवडूनच तपासावी लागतात.

चार फेऱ्या

आयसीएमआरने तेच ७० जिल्हे चार वेळा तपासले. देशाचे आकडे असे:

पहिली फेरी, मे-जून २०२०: ०.७३ टक्के (प्रौढ).
दुसरी, ऑगस्ट-सप्टेंबर २०२०: ६.६ टक्के (वय १० च्या पुढे).
तिसरी, डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१: २१ टक्क्यांच्या थोडे वर.
चौथी, जून-जुलै २०२१: ६७.६ टक्के (वय ६ च्या पुढे).

दुसऱ्या फेरीत सांगलीचा आकडा सव्वा टक्क्यावरून साधारण साडेबारा टक्क्यांवर गेला, म्हणजे चार महिन्यांत दहापट. तो देशाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट होता. चौथ्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा ५८ टक्के आला, मध्य प्रदेशचा ७९ आणि केरळचा ४४.४. याच्याशेजारी साताऱ्याची नोंद ठेवून पाहा. तीस लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात साथीच्या सगळ्या लाटा मिळून नोंदलेले रुग्ण पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आतबाहेर. राज्याच्या ५८ टक्क्यांत लसीमुळे तयार झालेली प्रतिपिंडेही मोजली गेली आहेत, हे लक्षात घेतले तरी दरी मोठीच राहते.

दवाखान्यातला कारकून

तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत आरोग्य कर्मचाऱ्यांचे रक्तही तपासले गेले. प्रत्येक जिल्ह्यातून सुमारे शंभर जण घेतले, तेही मोठ्या शहरी रुग्णालयांतून नव्हे, तर जिल्ह्याच्या खालच्या स्तरावरच्या सरकारी दवाखान्यांतून. तिसऱ्या फेरीत अशा सात हजारांवर कर्मचाऱ्यांत २५.७ टक्के जणांना लागण होऊन गेलेली दिसली. सर्वसामान्यांत हे प्रमाण २१ टक्क्यांच्या थोडे वर होते. फरक चार-साडेचार टक्क्यांचा.

त्याहून बोलके आकडे आतल्या वर्गवारीत आहेत. डॉक्टर आणि परिचारिका २६.६ टक्के, निमवैद्यकीय कर्मचारी २५.४, गावात फिरणारे क्षेत्रीय कर्मचारी २५.३ आणि कार्यालयीन कर्मचारी २४.९. लागण मुख्यतः रुग्णांकडूनच होत असती, तर टेबलावर केसपेपर करणारा कारकून आणि तपासणारा डॉक्टर यांच्यात मोठी तफावत दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ती दोन टक्क्यांपेक्षाही कमी आहे. लागण कुठे झाली हे प्रतिपिंडे सांगत नाहीत, त्यामुळे यातून पक्का निवाडा होत नाही. तरी एवढे दिसते की, ग्रामीण भागातला आरोग्य कर्मचारी संध्याकाळी ज्या गावात परततो, त्या गावासारखीच त्याचीही लागण होती. तो गावाचाच नमुना आहे, थोडा पुढे असलेला.

चौथ्या फेरीत हे वाचन अवघड झाले. कर्मचाऱ्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण ८५.२ टक्के आले, पण १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झाले होते आणि त्यात पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचाच होता. दर दहांतला जवळपास एकच कर्मचारी लसीविना उरला होता. कोविशिल्ड विषाणूच्या फक्त काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, त्यामुळे आतल्या ‘एन’ प्रथिनाची प्रतिपिंडे सापडली तर लागण झाली असे म्हणता येते. कोव्हॅक्सिन मात्र संपूर्ण निष्क्रिय विषाणूपासून केलेली. ती घेतलेल्याच्या रक्तात दोन्ही सापडू शकतात. लस की लागण, हे मग एका रक्तचाचणीवरून सांगता येत नाही.

एकदा मोजणे आणि मोजत राहणे

प्रतिपिंडे तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून रक्ताची पाहणी होऊन गेलेले सांगते, चालू असलेले नाही. ब्रिटनमध्ये यावर दोन उपाय एकाच वेळी केले गेले. एप्रिल २०२० पासून मार्च २०२३ पर्यंत तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने निवडलेल्या घरांतून, लक्षणे असोत वा नसोत, नियमित स्वॅब घेतले. जून २०२० पासून ‘सायरन’ अभ्यासात रुग्णालयांच्या कर्मचाऱ्यांची दर पंधरवड्याला पीसीआर चाचणी झाली. आधी लागण होऊन गेलेल्यांना पुन्हा लागण होण्याचा धोका ८४ टक्क्यांनी कमी असतो, हे याच अभ्यासातून २०२१ मध्ये कळले. एकदाच केलेल्या मोजणीतून हा आकडा निघालाच नसता.

आरोग्य कर्मचाऱ्यांना असेच नियमित तपासायचे तर काय लागेल, याचा उंब्रजच्या मापाने हिशेब मांडू. सपाट प्रदेशात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे तीस हजार लोकसंख्या, उपकेंद्रामागे पाच हजार आणि आशासेविकेमागे एक हजार, असा सरकारी निकष आहे. म्हणजे एका केंद्राखाली तीसेक आशा, सहा उपकेंद्रांचे कर्मचारी आणि केंद्रातले डॉक्टर, परिचारिका, शिपाई, चालक मिळून साठाच्या आसपास माणसे होतात. साठ जणांची चाचणी केली आणि त्यांच्यात लागणीचे प्रमाण पाच टक्के असेल, तर किमान एक पॉझिटिव्ह सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. प्रमाण एकच टक्का असेल, तर तेवढ्या खात्रीसाठी तीनशे नमुने लागतात. म्हणजे हे साठ जण अगदी सुरुवातीची चाहूल देणार नाहीत. पण पंधरवड्याला साठ स्वॅब एवढ्या खर्चात लाट गावात शिरून वर चढू लागली आहे हे कळेल, आणि बहुधा खाटा भरायला लागण्याआधीच.

जून २०२१ मध्ये राज्याने पॉझिटिव्हिटी दर आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा पाहून जिल्ह्यांचे पाच स्तर ठरवले. दुकाने किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची हे त्यावरून ठरत होते. २ ऑगस्टला बहुतेक राज्यात निर्बंध सैल झाले, तेव्हाही सातारा, सांगली आणि कोल्हापूर निर्बंध कायम राहिलेल्या अकरा जिल्ह्यांत होते. तो निर्णय अख्ख्या जिल्ह्याला एकच आकडा लावून झाला; महाबळेश्वर, माण आणि उंब्रज एकाच मापात आले. त्याच महिन्यांत राज्यातल्या आशांनी मानधनासाठी संप केला होता. १५ जूनला सुरू झालेला हा संप दरमहा हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता ठरल्यावर मिटला. घरोघरीची नोंद ज्यांच्या पायांवर उभी होती, त्यांची स्वतःची चाचणी ठरलेल्या दिवशी व्हावी, हे मात्र कोणत्याही कराराचे कलम झाले नाही. पुढच्या साथीची तयारी करताना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वार्षिक आराखड्यात हे एक कलम घातले, तर आशांना संरक्षण मिळेल आणि तालुक्याला स्वतःचा आकडाही मिळेल.