कडुलिंबाचा पाला आणि चांदीचे कण



गेल्या हंगामात एक टोमॅटो बागायतदार माझ्याकडे बाटली घेऊन आले. "साहेब, हे कडुलिंबापासून केलेलं चांदीचं औषध. करप्यावर रामबाण म्हणतात. मारू का?" बाटलीवर ना नोंदणी क्रमांक, ना मात्रा. पावतीही नव्हती. मी म्हटलं, "बसा. आधी हे काय आहे ते समजून घेऊ."

कल्पना खोटी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कडुलिंबाच्या पाल्याच्या काढ्याने चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केले आणि ते काम २००४ साली प्रसिद्ध झाले. रीत अशी: पाला धुऊन पाण्यात उकळायचा, गाळायचा आणि तो काढा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळायचा. पाल्यातील द्रव्ये विरघळलेल्या चांदीचे कण बांधतात, वर आवरण चढवून त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत. पाणी आधी पिवळसर, मग तपकिरी होते. एरवी या कामी लागणारी तीव्र रसायने वाचतात.

हे कण नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. गुळाचा खडा सावकाश विरघळतो, किसलेला गूळ चटकन विरघळतो. तसेच चांदीचे. कण बारीक, म्हणून जंतूंवर मारा जोरात. भाजलेल्या जखमांच्या काही पट्ट्यांत चांदी वापरतात ती याच गुणामुळे. पिकांवरील बुरशीवरही प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या आहेत. पण काचेच्या बशीतली बुरशी वेगळी आणि उघड्या शिवारातली वेगळी.

शिवाय चांदीला आपला-परका जंतू ओळखता येत नाही. हरभऱ्याच्या मुळावरील गाठींतले जिवाणू तुमचे नत्र तयार करतात, चांदी त्यांनाही मारू शकते. ओढ्यातल्या माशांनाही ती घातक आहे. पाला कडुलिंबाचा आहे म्हणून चांदी निरुपद्रवी होत नाही. बाजारातला नॅनो युरिया निराळा. त्यात नत्र असते, चांदी नव्हे.

घरी हा प्रयोग करू नका. सिल्व्हर नायट्रेटने कातडीवर काळे डाग पडतात, डोळ्यांना इजा होते.

रोगावरचे कोणतेही औषध घेताना तीन गोष्टी पाहा: १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणी क्रमांक, लेबलावर तुमचे पीक व मात्रा, आणि पक्की पावती.

त्या बागायतदारांनी बाटली मारली नाही. दुसऱ्या दिवशी रोगट पाने घेऊन आले, रोग ओळखून शिफारशीचे औषध नेले. तुम्हीही बाटलीच्या आधी पान घेऊन या.