‘फुकट’ पेमेंटची मजुरी कोण देतो?

भाजीच्या गाडीपासून सोनाराच्या पेढीपर्यंत आज सगळीकडे क्यूआर कोडची पाटी लागली आहे. मोबाईल धरला, पिन टाकला, पैसे मिळाल्याचा आवाज आला की आपण पिशवी उचलून निघतो. ग्राहकाला खर्च नाही, दुकानदारालाही बहुधा नाही. मग एवढे काम करतो कोण आणि त्याची मजुरी देतो कोण? घरखर्चाची वही ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी विचारायला हवा.

निरोप आधी, पैसा नंतर

साताऱ्याच्या आईने पुण्यात शिकणाऱ्या मुलाला यूपीआयने 500 रुपये पाठवले. मुलाच्या खात्यात ते काही सेकंदांत दिसतात. पण आईची बँक वेगळी आणि मुलाची वेगळी असेल, तर त्या दोन बँकांमधला हिशेब त्याच क्षणी चुकता होत नाही. दिवसातून ठरावीक वेळा सगळ्या व्यवहारांची बेरीज-वजाबाकी होते आणि फक्त फरकाची रक्कम रिझर्व्ह बँकेतील खात्यांमधून हलते. पहिल्या बँकेने दुसरीला 100 कोटी द्यायचे आणि दुसरीने पहिलीला 90 कोटी, तर प्रत्यक्षात हलतात 10 कोटीच. मोहल्ल्यातले किराणावाले आणि दूधवाले महिन्याअखेर एकमेकांची उधारी अशीच वळती करून घेतात.

या पद्धतीत थोड्या पैशांत खूप व्यवहार होतात, म्हणून ती स्वस्त पडते. पण निरोप पोहोचणे आणि हिशेब चुकता होणे यांच्या मधल्या वेळेत एक बँक दुसरीवर भरवसा ठेवून असते. रक्कम छोटी असेल तर तो भरवसा परवडतो. कोट्यवधींच्या व्यवहारात मात्र तो महाग पडू शकतो.

26 जून 1974 रोजी जर्मनीतील कोलोन शहरातली हर्स्टाट बँक दिवसाच्या अखेरीस बंद करण्यात आली. तिच्याशी व्यवहार करणाऱ्या बँकांनी जर्मन मार्क देऊन टाकले होते. बदल्यात न्यूयॉर्कमध्ये मिळायचे डॉलर मात्र अजून हाती आले नव्हते, आणि ते अडकले. या एका घटनेने जगभरच्या मध्यवर्ती बँकांना सावध केले.

मोठ्या रकमांसाठी आरटीजीएससारखी व्यवस्था लागते ती याच धोक्यामुळे. तिच्यात वजाबाकी नसते. प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे, त्याच वेळी आणि कायमचा चुकता होतो. भारतात ती मार्च 2004 मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालते. किमान रक्कम 2 लाख रुपये. यात धोका कमी, पण बँकेला प्रत्येक व्यवहारासाठी पुरेसा पैसा हाताशी ठेवावा लागतो आणि त्यालाही खर्च येतो. थोडक्यात, एकीकडे भरवशाचा धोका आहे, तर दुसरीकडे रोकड अडकून पडण्याचा खर्च.

सक्क आणि हवाला

हा प्रश्न आपल्या इतिहासाला नवा नाही. दहाव्या शतकातील प्रवासी इब्न हौकल याने सहारा वाळवंटाच्या दक्षिण टोकाच्या औदगोश्त शहरात 42,000 दीनारांचा ‘सक्क’, म्हणजे देण्याचा लेखी कागद, पाहिल्याचे नोंदवले आहे. वाळवंटातून सोने वाहून नेण्यापेक्षा भरवशाच्या माणसाचा कागद सोपा होता. सहीह बुखारीत हवाल्याचे, म्हणजे एकाचे देणे दुसऱ्याकडे सोपवण्याचे, स्वतंत्र प्रकरण आहे. आज हवाला म्हटले की बेकायदा व्यवहार आठवतो. फिकहमधला हवाला मात्र उघड, ठरलेला आणि अमानतीवर उभा असलेला करार आहे.

मजुरी कोणाच्या खिशातून?

कार्ड मशीनवर पैसे घेणाऱ्या दुकानदाराला रकमेचा काही भाग बँकेला द्यावा लागतो. त्याला एमडीआर म्हणतात. बँक खात्यातून होणारे यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवरचा हा आकार 1 जानेवारी 2020 पासून शून्य आहे. पण संगणक, कर्मचारी, फसवणुकीवरचा पहारा यांचा खर्च शून्य झालेला नाही. त्यातला काही भाग सरकार देते. छोट्या दुकानदारांकडच्या 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी 2024-25 सालाकरिता 1,500 कोटींची योजना मंजूर झाली होती. हा पैसा करदात्यांचा.

उरलेला भार बँका उचलतात, आणि त्यांची मोठी कमाई आपल्याच ठेवींवर होते. बचत खात्यातला पैसा त्या जास्त दराने कर्जाऊ देतात. व्याज नको म्हणून चालू खात्यात पैसे ठेवणारी किंवा बचत खात्यावरचे व्याज सवाबची नियत न ठेवता गरजूंना देऊन टाकणारी अनेक कुटुंबे आपल्यात आहेत. चालू खात्यातला पैसा तर बँकेला बिनव्याजी मिळतो. म्हणजे ‘फुकट’ सेवेची किंमत अशी घरे नकळत अधिकच मोजतात.

केलेल्या कामाची उजरत वेगळी आणि मुदतीवर चढणारे व्याज वेगळे. माझ्या मते मोठ्या दुकानदारांकडून ठरलेली, उघड आणि माफक उजरत घ्यावी, हातगाडीवाल्याला मात्र माफी असावी. मजुरी कोण देतो हे दिसले, की ती रास्त आहे का हेही विचारता येते.

घरासाठी चार गोष्टी

• बँक खात्यातून यूपीआय केल्यावर दुकानदार ‘बँक कापते’ म्हणून जादा पैसे मागत असेल, तर नम्रपणे नकार द्या. बोलणाऱ्या डबीचे भाडे हा त्याचा वेगळा खर्च आहे.

• घराचे बयाणे किंवा शादी हॉलची मोठी रक्कम आरटीजीएसने पाठवताना आधी खातेदाराचे नाव पडताळा. एप्रिल 2025 पासून बँकांना ही सोय देणे बंधनकारक आहे. पाठवलेली रक्कम आपल्या मर्जीने परत ओढता येत नाही.

• पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार आहेत. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर कळवा.

• क्रेडिट कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण भरता येत नसेल, तर ते कार्ड घरात नको. तिथे उजरत संपते आणि व्याज सुरू होते.