काळा रंग फेकता येत नाही

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघून कोरेगाव भीमा ओलांडले की सणसवाडी, शिक्रापूर करत थेट रांजणगाव एमआयडीसीपर्यंत कारखान्यांची रांग लागते. रांजणगावात मोटारी तयार होतात, फ्रीज आणि वॉशिंग मशीन तयार होतात. या मोठ्या नावांच्या भोवती शीटमेटल, मोल्डिंग, पावडर कोटिंग, पॅकेजिंग करणाऱ्या लहान पुरवठादारांचे जग उभे आहे. या माणसांना सतत कोणाला तरी काही तरी दाखवायचे असते. नव्या पार्टचे कोटेशन, मागच्या महिन्यात रिजेक्शन का वाढले याचा खुलासा, ठेकेदाराच्या कामगारांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण, अशी कामे निघतच राहतात. त्यासाठी बॅगेत मावणारा प्रोजेक्टर घ्यायचा ठरतो आणि खरेदीची चर्चा किंमत, वजन आणि खोक्यावर छापलेला ‘फोर के’ या तीन गोष्टींभोवती फिरते. चर्चेची सुरुवातच तिथे चुकते. पहिला प्रश्न यंत्राचा नाही, ते जिथे लावायचे त्या जागेच्या उजेडाचा आहे.

कारण साधे आहे. प्रोजेक्टर फक्त उजेड फेकतो, काळा रंग त्याला फेकता येत नाही. पांढऱ्या भिंतीवर जे काळे अक्षर दिसते, ती खरे तर प्रोजेक्टरने उजेड न टाकलेली जागा असते. खोलीतल्या ट्यूबलाइटचा आणि खिडकीचा प्रकाश तिथे पडतच असतो. म्हणून अक्षर किती काळे दिसणार हे खोली ठरवते आणि त्याभोवतीचा पांढरा भाग किती उजळणार हे यंत्र ठरवते. जुन्या लोकांना हे नीट माहीत होते. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले तेव्हा काचेवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर उमटत, आणि ती उमटत ती अंधारामुळे. जत्रेतला तंबूतला सिनेमाही दिवस मावळल्यावरच रंगायचा. धंद्याच्या सादरीकरणाने मात्र प्रोजेक्टरला भर दिवसा, दिवे लावलेल्या खोलीत आणून उभे केले.

हा हिशेब घरी बसून करता येतो. १०० इंची पडदा सुमारे २.२ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच असतो, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास पावणेतीन चौरस मीटर. त्यावर ३०० ल्युमेनचा खिशात मावणारा प्रोजेक्टर लावला तर पडद्यावर साधारण ११० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ११० ल्युमेन, प्रकाश पडतो. ट्यूबलाइट चालू असलेल्या मीटिंग रूमच्या भिंतीवर आधीच १५० लक्स असतील, असे धरू. मग पांढऱ्या भागावर २६० आणि काळ्या अक्षरावर १५०, म्हणजे दोहोंत दुपटीचाही फरक नाही. चित्र आहे एवढे कळते, आकडा वाचता येत नाही. त्याच जागी खरा ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर ठेवला तर हे गुणोत्तर आठास एक होते. पडद्यावरची एकच ट्यूब बंद करून भिंतीवरचा उजेड निम्म्यावर आणला, तर तेच पंधरास एकवर जाते. दृकश्राव्य व्यवसायातल्या अमेरिकी मानकात नुसते पाहण्यासाठी सातास एक आणि वाचून निर्णय घेण्यासाठी पंधरास एक असे किमान गुणोत्तर दिलेले आहे. खरेदी विभागातला माणूस तुमचे दरपत्रक वाचून निर्णयच घेणार असतो. त्यामुळे तीन हजार ल्युमेनच्या प्रोजेक्टरबरोबर एक ट्यूब बंद करण्याची विनंती हा या कामाचाच भाग समजावा.

वर ‘खरा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर नुसते ‘ल्युमेन’ म्हणून हजारोंचे आकडे छापलेले असतात, आणि ते कुठे व कसे मोजले याचा पत्ता नसतो. आकड्यापुढे ‘एएनएसआय’ किंवा ‘आयएसओ २१११८’ लिहिले असेल तर तो पडद्यावरच्या नऊ ठिकाणी प्रकाश मोजून काढलेला असतो, त्यावर भरवसा ठेवता येतो. दुसरी खबरदारी रंगांची. एकाच चिपवर चालणाऱ्या अनेक डीएलपी प्रोजेक्टरांत फिरत्या रंगचक्रात पांढऱ्याचा एक वेगळा भाग ठेवून पांढरा उजेड वाढवलेला असतो. त्यामुळे पांढरे झगझगीत आणि लाल मात्र मातकट दिसते. रिजेक्शनच्या तक्त्यात लाल पट्टी हाच मुद्दा असेल तर हे परवडत नाही. तीन एलसीडी पॅनेलच्या यंत्रात ही अडचण येत नाही. रंगीत प्रकाशाचा आकडा वेगळा दिला आहे का, हे दुकानदाराला विचारावे.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. आता प्रत्येक मोठ्या कंपनीच्या मीटिंग रूममध्ये पाऊणशे इंची टीव्ही टांगलेला असतो, मग प्रोजेक्टर हवा कशाला? ज्याच्या भेटी फक्त अशा खोल्यांत होतात त्याने प्रोजेक्टर घेऊच नये. चांगली एचडीएमआय केबल आणि आपल्या लॅपटॉपला चालणारा अॅडॅप्टर त्याला पुरेल. पण प्रशिक्षण कॅन्टीनमध्ये होते, सुरक्षिततेची सूचना शॉप फ्लोअरवर द्यावी लागते, शेतकरी उत्पादक कंपनीची बैठक मंगल कार्यालयात भरते आणि ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात. तिथे टीव्ही नसतो, आणि मोठा टीव्ही गाडीत घालून नेणे म्हणजे खड्ड्याखड्ड्याला जीव मुठीत धरणे. फिरता प्रोजेक्टर हवा तो या जागांसाठी, आणि नेमक्या याच जागा सर्वांत उजेडाच्या असतात.

दुसरा आक्षेप असा की दिवे मालवा, पडदे ओढा, म्हणजे छोटा प्रोजेक्टरही चालेल. कारखान्याच्या शेडला पडदे नसतात. दिवसा वीज वाचावी म्हणून छतात जागोजागी पारदर्शक पत्रे बसवलेले असतात, ते मालवता येत नाहीत. जिथे अंधार करता येतो तिथेही समोरच्याला टिपण घ्यायचे असते, आणि बोलणाऱ्याला त्याचा चेहरा दिसायला हवा असतो. भाव ऐकून भुवई वर गेली की खाली, हे अंधारात कळत नाही. छोट्याच यंत्रावर भागवायचे असेल तर चित्र छोटे करावे, हा खरा उपाय. तोच ३०० ल्युमेनचा प्रोजेक्टर ४० इंचावर आणला तर त्याच उजेडात गुणोत्तर पाचाच्या वर जाते. चार माणसे टेबलाभोवती दाटीने बसली असतील तर तेवढ्यावर काम निभते, चाळीस माणसांना ते पुरणार नाही.

‘फोर के’चा मोहही इथेच तपासावा. खोक्यावर ‘फोर के सपोर्ट’ लिहिले असले तरी त्याचा अर्थ तसा सिग्नल यंत्र स्वीकारते एवढाच असू शकतो. आतले पॅनेल किती ठिपक्यांचे आहे, तो ‘नेटिव्ह’ आकडा विचारावा. आणि ठिपके कितीही असले तरी अक्षराची उंची वाढत नाही. सव्वा मीटर उंच पडद्यावर एक्सेलच्या चाळीस ओळी मावल्या तर एका ओळीला तीन सेंटिमीटर मिळतात, अक्षर त्याच्या निम्मे. सहा मीटरवरच्या माणसाला ते जेमतेम दिसते. देवनागरीचे दुखणे आणखी वेगळे आहे. तिला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार अशी दोन्हीकडे जागा लागते, आणि चित्र फिके पडले की सर्वांत आधी अनुस्वार जातो. सुरक्षिततेच्या पाटीवर ‘बंद’चे ‘बद’ झाले तर कामगाराने काय समजायचे?

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. लेझर किंवा एलईडीचे यंत्र लगेच चालू-बंद होते आणि त्याचे आयुष्य साधारण वीस हजार तास सांगितले जाते. दिव्याचे यंत्र सुरुवातीला स्वस्त पडते, पण दिवा काही हजार तासांनी बदलावा लागतो आणि बंद केल्यावर थंड होऊ द्यावे लागते. थ्रो रेशो, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट अंतर लागते तो आकडा, दीड असेल तर सव्वादोन मीटर रुंद चित्रासाठी सुमारे साडेतीन मीटर अंतर लागते. ते आपल्या नेहमीच्या जागांत मिळते का, हे टेपने मोजून घ्यावे. यंत्र कोपऱ्यात तिरके ठेवून कीस्टोनने चित्र सरळ करता येते, मात्र त्यात काही ठिपके वाया जातात. वायरलेसवर विसंबू नये, पाहुण्याच्या लॅपटॉपला आपल्या नेटवर्कवर घेण्यास अनेक कारखान्यांत मनाई असते. यूएसबी-सीच्या प्रत्येक पोर्टातून चित्र बाहेर जातेच असेही नाही.

दुकानात प्रोजेक्टर नेहमी आतल्या अंधाऱ्या खोलीत, समुद्र आणि फुलांच्या चित्रफितीवर दाखवतात. तिथे कुठलेही यंत्र देखणे दिसते. दुकानदाराला तो बाहेर काउंटरवर आणायला सांगावे, दिवे चालू आणि शटर उघडे ठेवायला सांगावे. आपल्या पेनड्राइव्हवरचे खरे दरपत्रक आणि मराठी सूचनांचे एक पान लावावे, सहा मीटर मागे जाऊन उभे राहावे, आणि अनुस्वार दिसतात का ते पाहावे.